तळहाताची लुडबुड

मुलांनो, आज एक गंमत करू या. तुमच्या घरात टॅबलेट असेल आणि त्यावर लिहायचं पेन, म्हणजे स्टायलस असेल, तर त्यावर 'डोंबिवली' हा शब्द लिहून बघा. कागदावर लिहिता ना, तसाच लिहायचा. तळहात काचेवर निवांत टेकवायचा आणि नेहमीच्या वेगाने लिहायचं. तुम्ही ठाण्याचे असा नाहीतर कल्याणचे, शब्द मात्र हाच घ्या. का, ते पुढे सांगते.

झालं लिहून? आता नीट बघा. 'डों'वरचा अनुस्वार उमटलाय का? 'बि'ची पहिली वेलांटी आणि 'ली'ची दुसरी वेलांटी पूर्ण आली का? जिथे तळहात टेकला होता तिथे एखादा ठिपका किंवा वाकडी रेघ तर नाही ना उमटली? लिहिता लिहिता पान आपोआप मोठं झालं, नाहीतर सरकलं, असं तर नाही ना झालं?

असं काही झालं की घरात तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "अक्षर काढ जरा नीट!" "टॅब बिघडला वाटतं." "नवीन पेन आणायला हवं." पण थांबा! चोर कोण हे ठरवण्याआधी पोलीस तपास करतात की नाही? आपणही तसंच करायचं. नाहीतर शिक्षा भलत्यालाच व्हायची. कधी तुमच्या अक्षराला, तर कधी बाबांच्या खिशाला!

तळहाताच्या रेघोट्या नकोत म्हणून पुष्कळ मुलं हात काचेपासून उचलून, अधांतरी धरून लिहितात. पाच मिनिटांत मनगट अवघडतं, खांदा भरून येतो आणि मग अक्षर खरोखरच बिघडतं. हात टेकल्याशिवाय सुवाच्य अक्षर येणार तरी कसं? म्हणून हा तपास महत्त्वाचा.

पाटीवरचा जुना त्रास

खरं तर ही हाताची लुडबुड फार जुनी आहे. तुमच्या पणजोबांच्याही आधीच्या काळी मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटाने किंवा काडीने लिहायचं. हात टेकला की अक्षर गेलंच! मग दगडी पाटी आली. तिच्यावर लिहून झालं, शिरोरेघ ओढायला हात मागे नेला, की लिहिलेलं फिसकटायचं. शाईच्या काळात ओल्या अक्षरावर हात पडू नये म्हणून मुलं टीपकागद हाताखाली घ्यायची.

म्हणजे पूर्वी हात लिहिलेलं पुसायचा. टॅबवर उलटं होतं. इथे हात स्वतःच लिहायला लागतो! असं का, ते समजायला काचेच्या आत डोकवायला हवं.

काचेखालचं जाळं

टॅबच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारं एक जाळं असतं. आडव्या आणि उभ्या रेघांचं, अगदी तुमच्या गणिताच्या चौकटीच्या वहीसारखं. या रेघा पारदर्शक पण वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या असतात. इंडियम आणि कथील या धातूंच्या ऑक्साइडांचं मिश्रण त्यासाठी वापरतात. जिथे आडवी रेघ उभीला ओलांडते, तिथे विजेचा अगदी किंचित साठा असतो.

आपलं शरीर विजेचं वाहक आहे, कारण त्यात खारं पाणी भरपूर आहे. बोट काचेजवळ आलं की तिथला साठा थोडासा बदलतो. टॅबमधली एक चिमुकली चिप हे सगळे चौक सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहूनही जास्त वेळा मोजून काढते. कुठे किती फरक पडला, याचा आकड्यांचा तक्ताच जणू तिच्यासमोर येतो. आकडे जिथे वाढलेले, तिथे स्पर्श. चिपला बोट दिसत नाही की पेन दिसत नाही. तिला दिसतात फक्त आकडे.

ही कल्पना आजची नाही बरं का. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांना झटपट काम करता यावं म्हणून इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्न इथल्या रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. त्यांचा लेख १९६५ साली छापून आला होता.

सगळेच पडदे असे नसतात हं. काही पडद्यांमध्ये दोन पापुद्रे असतात आणि दाबले की ते एकमेकांना चिकटतात. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅबलेट आणला होता. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा असा दाबाचा होता. त्यावर नख चालतं, लाकडी काडी चालते, काहीही चालतं. फक्त दाबायला हवं. आपल्या आजच्या टॅबच्या काचेला मात्र दाब नको, विजेचा बदल हवा. म्हणून तर तिच्यावर नुसतं नख टेकवलं तर काही होत नाही!

करून पाहा : घरचा स्टायलस

कान साफ करायची कापसाची काडी घ्या. तिचा कापूस पाण्याने जरासा ओलसर करा, पाणी टपकायला नको. पोळीच्या डब्यात घालतात तो ॲल्युमिनियमचा चमकता कागद काडीभोवती गुंडाळा. कागद कापसाला टेकलेला हवा आणि तुमच्या बोटांनाही लागलेला हवा. आता कापूस आडवा करून काचेवर फिरवा. रेघ उमटेल! कागद काढून कोरड्या काडीने तेच करा. काही नाही. याचा अर्थ, रेघ काडीने नव्हे, तुमच्या शरीराने ओढली होती. काडीने फक्त तुमचं बोट लांब केलं. झालं की काच मऊ कोरड्या कापडाने पुसून ठेवा.

हात कोणता, पेन कोणतं?

बाजारात रबरी गोंड्याची किंवा पारदर्शक चकतीची जी स्वस्त पेनं मिळतात, ती आपल्या या काडीचीच भावंडं. टॅबच्या लेखी ती म्हणजे बोटच. मग पेन कोणतं आणि तळहात कोणता, हे चिपने ओळखायचं कसं? तिच्याजवळ एकच खूण असते, ती म्हणजे आकार. लहान गोल डाग असेल तर बोट किंवा पेन, मोठा वेडावाकडा डाग असेल तर तळहात. पण करंगळीची कड पहिल्यांदा टेकते तेव्हा तिचा डागही लहानच असतो ना! तिथेच चिप फसते.

दुसऱ्या जातीची पेनं हुशार असतात. ती स्वतःची ओळख सांगतात. त्यांतही दोन प्रकार आहेत. पहिल्यात पेनात छोटी बॅटरी असते आणि पेन आपला वेगळा विद्युत संदेश काचेकडे पाठवतं. २०१५ साली आलेली ॲपल पेन्सिल या प्रकारची. दुसऱ्यात लिहिण्यासाठी पेनाला बॅटरी लागतच नाही. पडद्यामागे तारांच्या वेटोळ्यांचा आणखी एक थर असतो. तो चुंबकीय लहरींतून पेनाला शक्ती देतो आणि पेनातलं वेटोळं त्याला उत्तर देतं. जपानच्या वॅकॉम कंपनीच्या पाट्या आणि २०११ साली 'गॅलेक्सी नोट'बरोबर आलेलं सॅमसंगचं एस पेन ही या प्रकारची उदाहरणं.

पेनाने "मी पेन आहे" असं सांगितलं, की बाकीचे सगळे स्पर्श टॅबने सोडून द्यायचे. हात टेकलेला असला तरी त्याकडे काणाडोळा करायचा. यालाच 'पाम रिजेक्शन' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर तळहाताला नकार!

मग हुशार पेन असूनही रेघोट्या का उमटतात? कल्याण जंक्शन आठवा. तिथून एक मार्ग कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. समजा, तिथे बसलेल्या माणसाला गाडीचा फक्त पुढचा दिवा दिसतोय आणि गाडी कुठे जाणार ते ठाऊक नाही. तरी सांधा मात्र आत्ताच बदलायचाय. चिपची पंचाईत अशीच असते. लिहिताना आपण आधी काय टेकवतो? हात! पेनाचं टोक मागून येतं. त्या निमिषात चिपला वाटतं, बोट आलं. मग पेन येतं आणि तिला कळतं की अरेच्चा, हा तर तळहात! चांगलं ॲप आधी उमटलेली रेघ मागे घेतं. साधं ॲप ती तशीच ठेवतं, नाहीतर हाताचे दोन डाग म्हणजे दोन बोटं समजून पान मोठं करतं.

मराठी लिहिताना परीक्षा मोठी

आता 'डोंबिवली'चं रहस्य! आपल्या देवनागरीत पेन किती वेळा उचलावं लागतं, मोजलंत कधी? अक्षर, मग काना, मात्रा, वेलांटी, वर अनुस्वार आणि शेवटी शिरोरेघ. दर वेळी पेन उचललं, की टॅबला वाटू शकतं, पेन गेलं, आता जे टेकलंय ते बोट. शिवाय शिरोरेघेसाठी हात उजवीकडून पुन्हा डावीकडे जातो आणि नव्याने टेकतो. सलग, जोडून लिहिलेल्या इंग्रजीत हे इतक्या वेळा होत नाही.

अनुस्वाराची गोष्ट तर आणखी नाजूक. तो म्हणजे नुसता एक टेकवा. पेन हललं नाही म्हणून एखादं ॲप त्याला रेघ मानतच नाही. आणि अनुस्वार गळला की 'रंग'चा 'रग' होतो, 'अंगण'चं 'अगण' होतं! बाई वहीत लाल गोल करतात आणि तुम्ही म्हणता, "मी दिला होता अनुस्वार!" दोघांचंही खरं असतं. म्हणून टॅबवर अनुस्वार देताना टोक किंचित फिरवून बारीकसा गोळा करा. लगेच उमटेल.

चला तपासाला!

तपासाचा नियम एकच आहे, तो पाठच करा. एका वेळी एकच बदल! बदल करायचा, 'डोंबिवली' पाच वेळा लिहायचं आणि वहीत नोंद करायची. डावीकडे 'काय बदललं', उजवीकडे 'काय झालं'. या क्रमाने जा. पहिल्या सगळ्या पायऱ्या फुकटच्या आहेत.

१. चार्जर काढा. टॅब चार्जिंगला लावून लिहीत असाल तर आधी तो सोडवा. भिंतीतली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी. चार्जर तिची टॅबला सोसेल अशी वीज करतो. तो हलक्या प्रतीचा असेल तर विजेची थोडी थरथर काचेपर्यंत पोचते. चिप मोजते ते इतके बारीक बदल, की या थरथरीने ती गोंधळते. मग कुणी हात न लावता बटणं दाबली जातात आणि रेघ शहारते. चार्जर काढल्यावर हे थांबलं, तर टॅब निर्दोष आहे!

२. पुसा. आपल्याकडे मे महिन्यात घाम आणि जून ते सप्टेंबर पाऊस. खाडीकाठची दमट हवा तर बारा महिने. पाण्याचा थेंब आणि घामाचा ओघळ चिपला बोटासारखेच वाटतात. टॅब बंद करून काच मऊ कोरड्या कापडाने पुसा. हातही पुसा, विशेषतः करंगळीकडची बाजू.

३. कव्हर काढा. झटकन बंद होणाऱ्या कव्हरांत लोहचुंबक असतात. चुंबकीय लहरींवर चालणारं पेन त्यांच्याजवळ आलं की रेघ वाकडी होते. कडेलाच रेघ वाकत असेल तर संशयित क्रमांक एक हा. कव्हर मागे दुमडून लिहीत असाल तर नक्की तपासा.

४. वरची जादा काच बघा. टेम्पर्ड ग्लास जाड असली किंवा तिच्याखाली हवेचे बुडबुडे असले, तर संदेश क्षीण होतो. काही टॅबमध्ये अशा काचेसाठी स्पर्शाची संवेदना वाढवायची सोय असते. आधी ती वापरून बघा. काच काढायचीच असेल तर मोठ्या माणसांनी काढावी.

५. बंद करून पुन्हा चालू करा. हसू नका! आत अडकलेलं एखादं काम त्याने सुटतं.

६. दुसऱ्या ॲपमध्ये लिहा. एका ॲपमध्ये रेघोट्या आणि दुसऱ्यात काही नाही, असं असेल तर दोष ॲपचा. पेन आणि टॅब दोघेही सुटले.

७. सेटिंग बघा. आयपॅडवर ॲपल पेन्सिलच्या सेटिंगमध्ये 'ओन्ली ड्रॉ विथ ॲपल पेन्सिल' असं बटण आहे. चित्रांच्या आणि वहीच्या पुष्कळ ॲपमध्ये बोटाने लिहिणं बंद करायची सोय असते. ती चालू केली की बोटाने पान सरकवायचं आणि पेनानेच लिहायचं, अशी वाटणी होते. कोणत्या हाताने लिहिता, असंही काही ठिकाणी विचारलेलं असतं. डावखुऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही हे आवर्जून बघा. टॅबला तुमचा हात उजवीकडून येईल असं वाटत असतं आणि तो येतो डावीकडून!

८. पेन तपासा. बॅटरीचं असेल तर भरलेली आहे ना? टोक ढिलं झालंय का? झिजून तिरपं झालंय का? बोटाने हलकेच चाचपा. ही टोकं बदलता येतात, त्यासाठी सगळं पेन फेकायची गरज नाही.

एवढं करूनही रेघ तुटतच असेल तर फूटपट्टीची परीक्षा घ्या. प्लॅस्टिकची फूटपट्टी काचेवर हलकेच धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा तिरप्या रेघा सावकाश ओढा. सगळ्या रेघा एकाच पट्ट्यात तुटल्या तर दोष काचेखालच्या जाळ्यात आहे. कधी इथे, कधी तिथे तुटल्या तर पेनाकडे बोट दाखवा. आणि रेघ तुटली नाही, पण लहरीसारखी नागमोडी आली तर? घाबरू नका. जाळ्याच्या दोन रेघांच्या मधली जागा चिप अंदाजाने काढते, म्हणून सावकाश ओढलेली तिरपी रेघ काही टॅबवर जराशी डुलते. नेहमीच्या वेगाने लिहिलंत तर ते दिसणारही नाही.

पेन किंवा टॅब उघडून बघायचा मोह मात्र आवरा. आत बॅटरी असते, ती टोचली गेली तर पेट घेऊ शकते.

मोज्याचा मोजा!

गोंड्याचंच पेन असेल तर काय करायचं? टीपकागदाची युक्ती आठवा. सुती रुमालाच्या चार घड्या करून हाताखाली घ्या. किंवा जुना, धुतलेला मोजा दुपदरी करून करंगळीकडच्या बाजूने तळहातावर चढवा. अंगठा आणि पहिली दोन बोटं मोकळी ठेवा. चित्रकार असा हातमोजा मुद्दाम विकत घेतात, तुमचा मात्र फुकट! कापड जितकं जाड, तितका हात काचेपासून दूर. मात्र ते कोरडंच हवं. घामाने भिजलं की ते वीज वाहू लागतं आणि लुडबुड पुन्हा सुरू.

आई-बाबांसाठी चार शब्द

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदाच अभ्यास पडद्यावर आला. शाळा केव्हाच सुरू झाल्या, पण टॅब घरात राहिला. म्हणून खरेदीबद्दल दोन गोष्टी.

पहिली : कुठलंही पेन कुठल्याही टॅबवर चालत नाही. ओळख सांगणारं पेन कोणत्या मॉडेलवर चालतं ते खोक्यावर छापलेलं असतं. आपल्या टॅबचं पूर्ण नाव कागदावर लिहून न्या. 'सगळ्यावर चालतं' असं सांगून दिलेलं गोंड्याचं पेन बोटासारखंच वागणार. ते वाईट नाही, पण त्याच्याकडून तळहाताला नकार देण्याची अपेक्षा ठेवू नका.

दुसरी : ठाण्याच्या गोखले रोडवर घ्या नाहीतर डोंबिवली स्टेशनजवळ, दुकानात मुलाला बरोबर न्या आणि हात टेकवून तीन शब्द लिहायला सांगा. 'ठाणे', 'कल्याण', 'डोंबिवली'. पहिल्यात मात्रा आहे, दुसऱ्यात जोडाक्षर, तिसऱ्यात अनुस्वार आणि दोन्ही वेलांट्या. तिन्ही शब्द स्वच्छ उमटले तर पुढचं बोला. नुसत्या रेघोट्या मारून काही कळत नाही.

आणि एक विनंती. टॅबवरचं अक्षर बघून मुलाला रागावण्याआधी त्याला तेच वाक्य कागदावर लिहायला सांगा. कागदावर चांगलं आणि टॅबवर वाईट, असं असेल तर त्याचा हात दोषी नाही. मूल डावखुरं असेल तर सेटिंग बदला, हात बदलू नका.

आता तुमच्यासाठी एक कोडं, मुलांनो!

कल्याणच्या एका मुलाच्या टॅबवर रेघ थरथरत होती. त्याने चार्जर काढला, कव्हरही काढलं आणि काच पुसली. रेघ एकदम सरळ! तो ओरडला, "सापडला चोर! चार्जरच तो!" त्याच्या ताईने मान हलवली आणि म्हणाली, "अजून सापडला नाही."

ताई असं का म्हणाली? आणि खरा चोर शोधायला त्याने आता काय करायला हवं? आपला तपासाचा नियम आठवा. उत्तर वहीत लिहा आणि घरी सगळ्यांना समजावून सांगा.